सुवर्णनाण्यांची अवस्थापरीक्षा : जव्हार-मोखाडें भागांतील संग्राहकांसाठीं

सर जदुनाथ सरकार यांनीं आपल्या शिवचरित्रांत जव्हारसंबंधीं एक गोष्ट नमूद केली आहे. इ. स. १६७२ च्या जून महिन्याच्या आरंभीं मोरोपंत पिंगळे यांनीं कोळी राजा विक्रमशहा याजकडून जव्हार घेतलें, आणि सतरा लक्ष रुपयांचा खजिना मराठ्यांच्या हातीं लागला. या आंकड्यांत मोहरा किती, होन किती व रुपये किती, ही फोड नाहीं. त्या खजिन्यांतील एखादें सुवर्णनाणें आज कोणाच्या संग्रहीं असलें तरी तें तसें म्हणून ओळखूं येणार नाहीं; कारण नाण्यावर पाडणाऱ्याचें नांव असतें, बाळगणाऱ्याचें नसतें. खजिना फुटला कीं नाण्यांचा एकमेकांशीं व स्थळाशीं असलेला संबंध तुटतो, आणि तो पुन्हां जोडतां येत नाहीं.

सतरा लक्षांची ही गोष्ट जुनी झाली. परंतु तीच गोष्ट लहान प्रमाणावर आजहि घडूं शकते. जव्हार हें १९४८ पर्यंत संस्थान होतें. मोखाडें हा इंग्रजी अमलांत शहापूर तालुक्याचा पेटा होता. आज दोन्ही तालुके २०१४ सालीं निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यांत आहेत. एका अंगास सुरत-वसईचा किनारा आणि दुसऱ्या अंगास त्र्यंबक-नाशिकचें पठार, यांच्या मधला हा डोंगरी मुलूख. किनाऱ्यावरील मोहरा व पुतळ्या, देशावरील होन व टंक, या सर्वांचा येथें येण्याचा संभव आहे. अशीं नाणीं पेटींत, देव्हाऱ्यांत किंवा गळ्यांतील माळेंत राहतात. आणि अडचणीच्या वेळीं तोळ्यांच्या हिशोबानें मुशींत जातात. तीं मुशींत जाऊं नयेत, आणि संग्राहकाच्या हातीं आल्यावर त्याच्याच हातून बिघडूं नयेत, एवढ्यासाठीं नाण्याची अवस्था कशी पाहावी याविषयीं चार गोष्टी येथें मांडण्याचें योजिलें आहे.

संग्राहकांत 'अवस्था' हा शब्द पुष्कळदां चकाकी या अर्थानें वापरला जातो. पिवळें धमक दिसलें कीं नाणें उत्तम, मळकट दिसलें कीं मध्यम, असा हिशोब चालतो. आमच्या मतें हा हिशोब उलटा आहे. नाणें हा एक साक्षीदार आहे, आणि अवस्था म्हणजे त्याच्या साक्षीची अवस्था. त्याच्या अंगावर तीन हात पडलेले असतात : पहिला टांकसाळीचा, दुसरा व्यवहाराचा आणि तिसरा सोनाराचा किंवा संग्राहकाचा. परीक्षकाचें सारें कौशल्य या तीन हातांच्या खुणा वेगळ्या काढण्यांत आहे.

आपल्या शास्त्रकारांना हा भेद ठाऊक होता. पाणिनीनें 'रूप' शब्दापासून 'रूप्य' हा शब्द दोन अर्थीं साधला आहे : ज्यावर रूप ठोकलें आहे तें, आणि ज्याचें रूप प्रशंसनीय आहे तें. काशिकाकारांनीं पहिल्या अर्थाचीं उदाहरणें म्हणून दीनार व कार्षापण यांचाच उल्लेख केला आहे. ठसा उमटणें निराळें आणि रूप सुंदर असणें निराळें. नाण्याच्या परीक्षेंत या दोन अर्थांची गल्लत करूं नये. कौटिल्यानें टांकसाळीवर लक्षणाध्यक्ष व नाणीं पारखण्यास रूपदर्शक असे दोन अधिकारी सांगितले, यांतहि हाच विवेक दिसतो. याज्ञवल्क्यस्मृति तर याहून पुढें जाते. खोट्या नाण्यास खरें म्हणणाऱ्या परीक्षकास जो उत्तमसाहस दंड, तोच खऱ्यास खोटें म्हणणाऱ्यासहि आहे. आजच्या संग्राहकांत पहिल्या चुकीची भीति फार आणि दुसरीची अजिबात नाहीं. वास्तविक खोटें नाणें संग्रहांत शिरलें तर पुढें केव्हां तरी निघून जातें. खरें नाणें खोटें म्हणून मुशींत गेलें तर तें कायमचें जातें.

प्रथम टांकसाळीचा हात पाहूं. यंत्रानें पाडलेल्या नाण्याचे नियम हातानें ठोकलेल्या नाण्यास लावल्यानें फार घोटाळे होतात. देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक घ्या. सुमारें ३.८ ग्रॅम, म्हणजे ३ मासे ७ गुंजा वजनाचें हें सोन्याचें नाणें वाटीसारखें किंचित् खोलगट असतें. मध्यें कमळ, भोंवतीं श्रीकार, शंख, राजाचें नांव, असे ठसे वेगवेगळ्या छापांनीं एकामागून एक ठोकलेले असतात. त्यामुळें एक ठसा खोल, दुसरा उथळ व तिसरा कडेवरून अर्धा निसटलेला, अशी स्थिति टांकसाळींतून निघालेल्या कोऱ्या नाण्याचीहि असूं शकते. 'राम' या नांवाचें अर्धेंच अक्षर दिसतें म्हणून तें नाणें झिजलेलें ठरत नाहीं. मोहरांचेंहि तसेंच आहे. सुमारें १०.९ ग्रॅम वजनाच्या मोगली मोहरेवर ठशाचा सर्व मजकूर बसेलच असें नाहीं. ठसा मोठा व सोन्याची चकती लहान असली म्हणजे एखादी ओळ बाहेर राहते.

मग झीज आणि उथळ ठसा यांतील भेद कसा ओळखावा? याला तीन कसोट्या आहेत. झीज नेहमीं उंचवट्यावर आधीं येते. खोलगट भागांत अक्षराच्या कडा तीक्ष्ण राहतात. उथळ ठशांत मात्र एका विशिष्ट जागीं उंच व खोल दोन्ही भाग अस्पष्ट असतात, आणि बहुधा दुसऱ्या बाजूस नेमकी त्याच्या पाठीमागची जागाहि अस्पष्ट असते, कारण तेथें दाबच कमी पडलेला असतो. तिसरी कसोटी पृष्ठभागाची. झिजलेली जागा गुळगुळीत व गोलसर लागते, तर उथळ ठशाच्या जागीं मूळ चकतीचा खरबरीतपणा भिंगांतून दिसतो. दहापट मोठें दाखविणारें भिंग व बाजूनें येणारा एकच प्रकाश, एवढी सामग्री यास पुरे होते.

दुसरा हात व्यवहाराचा. सराफी व्यवहारांत नाण्याची परीक्षा तापवून व सुलाखून होई; 'तावून सुलाखून' हा वाक्प्रचार आपण माणसांना लावतों, तो मुळांत धातूचा आहे. म्हणून नाण्यावरील सुलाखाचें लहान भोंक, किंवा सराफानें मारलेली बारीक छाप, हे निव्वळ दोष नव्हेत. तें नाणें बाजारांत फिरलें, पारखलें गेलें व मान्य झालें, याची ती पावती आहे. विक्रीच्या दृष्टीनें किंमत उतरेल. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें कोऱ्या नाण्याकडे नसलेली माहिती त्याच्यापाशीं आहे.

या दुसऱ्या हाताचें आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पुतळी. पुतळ्यांची माळ महाराष्ट्रांत सर्वांस परिचित आहे. पण पुतळी हें मुळांत व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचें डुकाट नांवाचें नाणें, हें अनेकांस ठाऊक नसतें. व्हेनिसनें तें १२८४ पासून पाडण्यास आरंभ केला आणि १७९७ मध्यें तें राज्य बुडेपर्यंत त्याचें रूप, वजन व शुद्धता जवळजवळ बदलूं दिली नाहीं. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, म्हणजे ३ मासे ५ गुंजा. सोनें जवळजवळ निर्भेळ. एका बाजूस उभा संत मार्क व त्याच्यापुढें गुडघे टेकून ध्वज घेणारा डोजे, म्हणजे तेथील अधिपति. दुसऱ्या बाजूस लंबवर्तुळांत ताऱ्यांमध्यें उभा ख्रिस्त. या मानवी आकृतींमुळें इकडे तें पुतळी झालें आणि आमच्या आयाबहिणींनीं तें निःशंकपणें गळ्यांत घातलें.

पुतळीच्या लोकप्रियतेमुळें इकडील सोनारांनीं तिच्या नकला केल्या. येथें संग्राहकानें एक गोष्ट विसरूं नये. या नकला बहुधा चांगल्या सोन्याच्या असतात. कसोटीचा दगड सोन्याची परीक्षा करतो, नाण्याची नव्हे. दगडावर उत्तम कस देणारी पुतळी व्हेनिसची असेलच असें नाहीं. खऱ्या पुतळीवर संताजवळ आणि डोजेजवळ लॅटिन अक्षरें उभ्या ओळींत येतात व त्यांत डोजेचें नांव वाचतां येतें. नकलेंत तींच अक्षरें रेघा व टिंबें बनून जातात, कारण कोरणाऱ्यास लिपि ठाऊक नसते. आकृति ताठ होतात, ताऱ्यांची मांडणी बिघडते. परंतु अशी नक्कल 'खोटी' म्हणून फेंकणें हा याज्ञवल्क्याचा दुसरा अपराध होय. ती फसविण्यासाठीं केलेली नसून दागिन्यासाठीं घडविलेली आहे, आणि इकडील कारागिरानें परक्या चित्राकडे कसें पाहिलें याचें ती प्रमाण आहे. तिची नोंद 'देशी घडणीची पुतळी' अशी करावी, म्हणजे खऱ्याखोट्याचा प्रश्नच उरत नाहीं.

डोजेचें नांव वाचतां आलें तर माळेचा काळहि सांपडूं लागतो. उदाहरणार्थ, चवथा आल्विसे मोचेनिगो हा १७६३ ते १७७८ पर्यंत डोजे होता. त्याच्या नांवाची पुतळी ज्या माळेंत आहे ती माळ, आज आहे त्या स्वरूपांत, १७६३ पूर्वीं ओंवलेली असूं शकत नाहीं. माळेंतील सर्वांत अलीकडचें नाणें हें असें सबंध माळेची कालमर्यादा ठरवितें. म्हणूनच माळ फोडून एक चांगली पुतळी निवडून घेणारा संग्राहक, आपणांस लाभ झाला असें समजत असला तरी, पुस्तकांतून एक पान फाडून नेत असतो.

पुतळीस जोडलेली कडी हीहि साक्षच आहे. कडीच्या जागेवरून घालणारास कोणती बाजू वर व कोणती समोर वाटत होती हें कळतें. झीजेवरूनहि दागिना ओळखतां येतो. थैलींतून फिरलेलें नाणें दोन्ही बाजूंनीं साधारण सारखें झिजतें. माळेंतील नाण्याची अंगाकडील बाजू बहुधा अधिक गुळगुळीत होते आणि शेजारच्या नाण्यांचे घांस कडांवर पडतात. कडी काढून, कड घासून 'निर्दोष' केलेलें नाणें पुष्कळदां विकावयास येतें. अशा नाण्याच्या कडेवर एके ठिकाणीं डाकाचा फिकट रंग, सपाट झालेला भाग किंवा कानशीच्या समांतर रेघा दिसतात. विक्रेत्यानें सांगितलें नाहीं तरी त्या रेघा सांगतात.

आतां तिसरा हात. पहिल्या दोन हातांविषयीं आपणांस कांहींच करतां येत नाहीं. हा तिसरा मात्र सर्वस्वीं आपल्या ताब्यांत आहे, आणि सर्वांत अधिक नुकसान यानेंच होतें. सोनें गंजत नाहीं, म्हणून तें कसेंहि घासलें तरी चालतें, असा समज आहे. रिठे, चिंच, राख, दंतमंजन, सोनाराची जिलई, यांपैकीं प्रत्येकानें नाण्याचा वरचा सूक्ष्म थर जातो, आणि ठोकण्याच्या आघातानें त्या थरांत उमटलेलें मूळ तेज पुन्हां येत नाहीं. घासल्यानें आलेली चकाकी ही सर्वत्र एकसारखी व निर्जीव असते. भिंगांतून पाहिल्यास एकाच दिशेच्या असंख्य बारीक रेघा दिसतात. मूळ तेज नाणें फिरवितां अक्षरांभोंवतीं खेळतें. तांब्याच्या मिश्रणामुळें आलेले तांबूस डाग व खोबणींत बसलेला मळ हे नाणें जुनें व अस्पर्शित असल्याचीं चिन्हें म्हणून राहूं द्यावेत. सुटी माती असल्यास शुद्ध पाण्यांत ठेवून ती आपोआप सुटेल तेवढीच जाऊं द्यावी. नाणें नेहमीं कडेनें धरावें, प्रत्येक नाणें वेगळें ठेवावें, आणि मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवूं नये.

वजन व घनता यांची परीक्षा नाण्यास इजा न करतां होते, म्हणून ती अवश्य करावी. शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, चांदीची १०.५ पट व तांब्याची सुमारें ८.९ पट असते. समजा, एक पुतळी हवेंत ३.४९ ग्रॅम भरली आणि दोऱ्यानें पाण्यांत बुडवून तोलतां ३.३१ ग्रॅम भरली. घट ०.१८ ग्रॅम, ३.४९ ला ०.१८ नें भागतां १९.४ येतात, म्हणजे सोनें जवळजवळ शुद्ध. परंतु ही घट चुकून ०.१९ मोजली गेली तर उत्तर १८.४ वर येतें, आणि निर्दोष नाण्यावर भेसळीचा आरोप येतो. म्हणून लहान नाण्यास मिलिग्रॅम दाखविणारा कांटाच पाहिजे, आणि तोलण्याची क्रिया तीनदां तरी करावी. कडी, लाख किंवा डाक असल्यास तें वजन नाण्याचें नव्हे, हें नोंदींत स्पष्ट लिहावें.

घनता योग्य आली म्हणजे नाणें अस्सल ठरलें असें मात्र नाहीं. खऱ्या सोन्याचें बनावट नाणें करतां येतें. शिवराई होनाच्या बाबतींत हें विशेष ध्यानांत ठेवावें. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', भोंवतीं टिंबांचें वर्तुळ, वजन सुमारें पावणेतीन ते पावणेतीनहून थोडें अधिक ग्रॅम, असा हा होन दुर्मिळ आहे; त्याच मजकुराची तांब्याची शिवराई विपुल आहे. दुर्मिळ वस्तूस गिऱ्हाईक फार, म्हणून बनावटहि फार. साच्यांत ओतलेल्या नाण्याच्या अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या असतात, पृष्ठभागावर हवेचे बारीक खळगे दिसतात, व कडेवर साच्याचा सांधा किंवा तो घासल्याची खूण राहते. सर्वांत खात्रीची खूण दोन नाणीं शेजारीं ठेवल्यानें मिळते. एकाच ठशाचीं दोन अस्सल नाणीं असलीं तर अक्षरें तीच असतात, पण ठसा बसण्याची जागा, कडेचा आकार व ओरखडे निराळे असतात. दोन नाण्यांवर ओरखडाहि तोच, झीजहि तीच व कडेची भेगहि तीच आढळली, तर दोन्ही एकाच साच्याचीं अपत्यें समजावीं. मग त्यांचें सोनें कितीहि चोख असो.

नाण्याबरोबर येणाऱ्या कथेचीहि परीक्षा नाण्याच्याच मजकुरानें करावी. 'हा होन जव्हारच्या लुटीतला' असें कोणी शिवराई होनाविषयीं म्हणेल तर तें संभवत नाहीं. ती स्वारी १६७२ ची, आणि 'छत्रपति' हें पद १६७४ च्या राज्याभिषेकाचें. दुसरें उदाहरण जव्हारच्या शकाचें. नेमशहास दिल्लीच्या सुलतानाकडून राजा हा किताब मिळाला तो दिवस ५ जून १३४३ मानतात, आणि तेथून जव्हारच्या दरबारी कागदांत शक मोजला जात असे. तेव्हां दिल्लीस महंमद तुघलक होता. म्हणून त्या वर्षाचें सुवर्णनाणें म्हणून कोणी सुलतानाच्या नांवाची मोहर पुढें केली तर आधीं शंका घ्यावी. कारण हिजरी ७४१ पासून त्यानें आपल्या नाण्यांवर स्वतःच्या नांवाऐवजीं इजिप्तमधील अब्बासी खलिफाचें नांव घालण्यास आरंभ केला होता, आणि जव्हारचा तो दिवस हिजरी ७४४ च्या आरंभीं येतो. कथा खोटी निघाली म्हणून नाणें टाकूं नये, आणि नाणें खरें निघालें म्हणून कथा स्वीकारूं नये.

आतां अवस्थेची नोंद कशी करावी. अमेरिकेंत विल्यम शेल्डन यांनीं १९४९ सालीं तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठीं १ ते ७० अंकांचें मोजमाप मांडलें, आणि आज तें जगभरच्या बाजारांत सर्व धातूंच्या नाण्यांस लावलें जातें. एका अंकांत ठसा, झीज आणि इजा या तिन्हींची बेरीज केल्यानें व्यापाराची सोय होते, अभ्यासाची होत नाहीं. आमची सूचना अशी कीं तीन रकाने वेगळे ठेवावे. पहिल्यांत ठसा : पूर्ण, अर्धा, तिरका, दुबार किंवा उथळ. दुसऱ्यांत झीज : कोरें, सुवाच्य, मध्यम, झिजलेलें किंवा निरक्षर. तिसऱ्यांत आगंतुक खुणा : सुलाख, भोंक, कडी, डाक, कानस, घासणी. यांखालीं वजन, व्यास, घनता, दोन्ही बाजूंचें छायाचित्र, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे नाणें कोणत्या गांवीं, कोणत्या वस्तूंबरोबर व कोणत्या सालीं मिळालें तें लिहावें. घरवाल्यांची इच्छा नसेल तर नांव गाळावें. गांव गाळूं नये.

जमिनींतून निघालेल्या नाण्यांविषयीं कायदा स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधि सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनें नाणें पुरावस्तु ठरतें, आणि तें खाजगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं. हे कायदे जाचक वाटतात, परंतु त्यांचें कारण १९४६ च्या बयाना येथील निधीवरून समजेल. भरतपूर संस्थानांत सांपडलेल्या त्या गुप्तकालीन निधींतील कांहीं नाणीं वितळविलीं गेलीं. उरलेल्या १८२१ सुवर्णनाण्यांची सूची आमचे महाराष्ट्रीय विद्वान् डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं सिद्ध केली. चक्रविक्रम प्रकारचें चंद्रगुप्ताचें एकच नाणें त्यांत मिळालें. मुशीकडे गेलेल्या ओंजळींत तें असतें, तर तो प्रकार होता हेंहि जगास कळलें नसतें. आणि त्या ओंजळींत आणखी काय होतें हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं.

मोखाड्याहून घाट चढून त्र्यंबकेश्वराकडे गेलें कीं पुढें नाशिकच्या वाटेवर अंजनेरी लागतें. तेथें १९८० सालीं नाणकशास्त्राच्या अभ्यासासाठीं खास संस्था निघाली, ही या भागास भूषणाची गोष्ट आहे. परंतु संस्था कितीहि जवळ असली तरी माळ मोडावयास निघालेल्या घराच्या दारांत ती उभी नसते. तेथें गांवचा शिक्षक, सराफ किंवा संग्राहक असतो. घरच्या गरजेपुढें माळ राखा असें सांगण्याचा अधिकार आपणांस नाहीं. मात्र मोडण्यापूर्वीं ती आहे तशी ओंवलेली तोलून घ्यावी, प्रत्येक पुतळीच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, डोजेचीं नांवें उतरून घ्यावीं आणि ही टिपणें एखाद्या मंडळाच्या दप्तरांत पोंचवावीं. शक्य तर सराफासच विनवावें कीं सोन्याचा भाव देऊन नाणीं अखंड बाजूस ठेवावीं. अस्सल नाण्यास धातूहून अधिक मोल येतें, हें त्यास पटविणें कठीण नाहीं. या कामास अर्धा दिवस लागतो. सतरा लक्षांच्या खजिन्यापाशीं असा अर्धा दिवस कोणी दिला असता, तर जव्हारच्या इतिहासाचें एक प्रकरण आज आपणांस नाण्यांवरून वाचतां आलें असतें.